हजारानंतरची घडी

एलिनॉर कोअरच्या पुस्तकात सादाको सासाकी ६४४ कागदी क्रौंच करते आणि मरते. उरलेले ३५६ तिच्या वर्गातली मुलं करतात, आणि पूर्ण हजार तिच्याबरोबर पुरले जातात. ‘सादाको अँड द थाउजंड पेपर क्रेन्स’ हे १९७७ सालचं पुस्तक जेमतेम तासाभरात वाचून होतं. पण हिरोशिमा म्हटलं की जगभरातल्या शाळकरी मुलांच्या डोळ्यांसमोर जे येतं, त्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे. माझ्याही डोक्यात हिरोशिमा म्हणजे आधी हा आकडा होता, बॉम्ब नंतर आला.

हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयाची नोंद मात्र वेगळं सांगते. सादाकोने १९५५च्या ऑगस्टअखेरीस हजार पूर्ण केले होते. त्यानंतरही ती करत राहिली, एकूण तेराशेच्या वर. तिचा थोरला भाऊ मासाहिरो सुमारे चौदाशे म्हणतो.

कोअरने कादंबरी लिहिली आहे, चरित्र नाही, तेव्हा एवढं स्वातंत्र्य तिला होतंच, असं म्हणून हा फरक सोडून देता येईल. मला तो सोडवत नाही. आकडा बदलला की इथे गोष्टच बदलते. एक गोष्ट आहे अपुऱ्या राहिलेल्या संकल्पाची. दुसरी आहे पुऱ्या झालेल्या, तरीही न फळलेल्या संकल्पाची. पहिली आपण मुलांना सांगतो. दुसरी प्रत्यक्षात घडली.

घटना थोडक्यात अशी. सादाकोचा जन्म ७ जानेवारी १९४३चा. ६ ऑगस्ट १९४५ला ती अडीच वर्षांची होती आणि स्फोटाच्या केंद्रापासून दीडेक किलोमीटरवरच्या घरात होती. अंगावर ओरखडा नव्हता. पुढे ती वाढली, शाळेच्या रिले संघात जोरात पळायला लागली. १९५४च्या अखेरीस मानेवर गाठी दिसल्या, १९५५च्या फेब्रुवारीत तिला हिरोशिमाच्या रेडक्रॉस रुग्णालयात ठेवलं. रक्ताचा कर्करोग होता. त्या ऑगस्टमध्ये नागोयाच्या विद्यार्थ्यांनी रुग्णालयातल्या आजाऱ्यांसाठी कागदी क्रौंच पाठवले. हजार क्रौंच केले तर इच्छा पुरी होते, हा समज जपानात जुनाच. तिने घड्या घालायला घेतल्या. २५ ऑक्टोबर १९५५ला ती गेली, वय बारा.

‘क्रौंच’ हा शब्द मी जरा बिचकतच वापरतेय. जपानी ‘त्सुरू’ हा हजार वर्षं जगणारा पक्षी, म्हणून दीर्घायुष्याची खूण. आपल्याकडे क्रौंच म्हटलं की वाल्मीकी आठवतो, आणि वाल्मीकीचा क्रौंच बाण लागून पडलेला असतो. त्यांच्या शब्दात आयुष्य आहे, आपल्या शब्दात शिकार. ‘करकोचा’ म्हणावं तर इसापाच्या कोल्ह्याकडे जेवायला निघालेला तो लांब चोचीचा पाहुणा समोर उभा राहतो. तेव्हा क्रौंचच बरा. या मुलीच्या बाबतीत बाणाची आठवण अगदीच अस्थानी नाही.

आता कोअरचं पुस्तक. ते वाईट नाही, हे आधी सांगायला हवं. सुरुवातीचं प्रकरण तर मला फार आवडतं. ६ ऑगस्टचा स्मरणदिन आहे आणि सादाकोला तो जत्रेसारखा वाटतो. खाऊ आहे, गर्दी आहे, रात्री नदीत सोडायचे कंदील आहेत. आईला ते रुचत नाही. बॉम्बनंतर नऊ वर्षांनी त्या शहरातल्या मुलांना त्या दिवसाची मजा वाटू शकत होती, हे ओळखायला लेखकाचा कान लागतो. केंजी नावाचा मुलगाही चांगला उतरला आहे. रुग्णालयात भेटलेला, अनाथ, आपल्या आजाराबद्दल डॉक्टरांच्या थंडपणाने बोलणारा. तो आशेला काडीचीही सूट देत नाही. तो मरतो तेव्हा पुस्तक क्षणभर खरोखर घाबरतं.

पण त्यानंतर पुस्तक मोजायला लागतं. हा माझ्या रोजच्या धंद्यातला प्रकार असल्यामुळे मला तो लगेच दिसला. दर थोड्या पानांनी किती क्रौंच झाले याचा आकडा येतो, आणि वाचणारं मूल उरलेल्यांची वजाबाकी करत पुढे सरकतं. स्क्रीनवरच्या प्रोग्रेस बारचं काम हेच असतं. आत काय चाललंय ते कळलं नाही तरी चालतं, पट्टी सरकताना दिसली की माणूस थांबून राहतो. कोअरची पट्टी ६४४वर येऊन थांबते, म्हणजे चौसष्ट टक्क्यांवर. अशा वेळी कुणाचाही हात आपोआप पुढे होतो. उरलेलं आपण करून टाकू! वर्गातली मुलं तेच करतात, आणि पुस्तक मिटून जगभरातली मुलंही कागद हातात घेतात. शिकवायचं साधन म्हणून ही रचना अचूक आहे, हे एक इंजिनिअर म्हणून मला मान्यच करावं लागतं.

त्यातली गोम अशी की मोजणी अपुरी राहिल्यामुळे मोजणीवरचा विश्वास शाबूत राहतो. हजार झालेच नाहीत, मग इच्छा पुरी होणार कशी? देव, दैव, क्रौंच, सगळे निर्दोष सुटतात. दोष वेळेचा. आमच्या घरी आजी लाखोली वाहायची, दूर्वांची, बेलाची. रामनामाची वही असायची, लाल शाईने भरलेली. लाख पूर्ण होण्याआधी काही अशुभ घडलं तर ती म्हणायची, संकल्प अपुरा राहिला गं. लाख पूर्ण झाल्यावर घडलं तर मात्र काही बोलायची नाही, नवीन वही आणायला सांगायची. त्या न बोलण्याबद्दल एकही गोष्ट मी लहानपणी ऐकली नाही. कोअरचं पुस्तक ‘अपुरा राहिला गं’ म्हणणाऱ्या आजीचं आहे. मला त्या दुसऱ्या, गप्प आजीचं पुस्तक हवं होतं.

माझ्या आठ वर्षांच्या भाचीला मी ही गोष्ट सांगितली. संग्रहालयाची नोंद प्रमाण मानून सांगितली, हजार झाले होते असं. ती म्हणाली, “मग?” मी म्हटलं, मग तिने आणखी केले. भाची बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पण मग कशाला?” ६४४ची गोष्ट सांगितली असती तर हा प्रश्न तिला पडलाच नसता. ती उठून कागद शोधायला गेली असती.

या ‘कशाला’चं उत्तर मी नोंदींमध्ये शोधत राहिले. मिळालं असं म्हणणार नाही, पण काही गोष्टी हाताला लागल्या.

एक म्हणजे वेग. कोअरच्या पुस्तकात सादाको रुग्णालयात आल्याबरोबर घड्या घालायला लागते. मैत्रीण चिझुको सोनेरी कागद घेऊन येते, पहिला क्रौंच करून देते, दंतकथा सांगते. प्रसंग गोड आहे, पण हिशोब मांडला तर फेब्रुवारी ते ऑक्टोबर या आठ महिन्यांत ६४४, म्हणजे दिवसाला तीनसुद्धा नाहीत. हा छंदाचा वेग झाला. नोंदीप्रमाणे क्रौंच नागोयाहून आले ऑगस्टमध्ये आणि महिना संपायच्या आत हजार झाले, म्हणजे दिवसाला तीसपेक्षा जास्त. क्रौंच करायला विसाहून अधिक घड्या लागतात. सराव झालेल्या हातालाही एकाला तीनेक मिनिटं जातात. मी स्वतः बसून घड्याळ लावून पाहिलं, सलग दहा झाल्यावर अंगठ्याचं टोक दुखायला लागलं. ताप अंगात असताना, सुया टोचलेल्या हातांनी दिवसाला तीस! याला विरंगुळा म्हणता येणार नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. तिला कागद पुरत नव्हता. औषधांच्या पुड्यांचे कागद, भेटीला येणाऱ्यांनी आणलेल्या वस्तूंची वेष्टनं, मिळेल ते ती वापरायची. आपल्याकडेही जुने डॉक्टर पांढऱ्या चौकोनी कागदात पूड बांधून द्यायचे. पुडीची घडी ही घरातल्या प्रत्येक मुलाने उलगडून पाहिलेली पहिली घडी असते. तिथे औषध घेऊन झालं की पुडी उलगडायची, चौकोन करायचा आणि त्याच कागदाला दुसऱ्या घड्या घालायच्या. कोअरच्या पुस्तकातही औषधाचे कागद आहेत, पण ओझरते. पहिल्या क्रौंचाच्या सोनेरी कागदापुढे ते फिके पडतात.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करते. सादाकोने आपल्या रक्ततपासणीचे आकडे गुपचूप एका कागदावर उतरवून ठेवले होते. आजाराचं नाव तिला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि आपल्याला कळलंय हे तिने कुणाला कळू दिलं नाही. तो कागद ती गेल्यानंतर सापडला. म्हणजे या मुलीच्या हातात दोन मोजण्या होत्या. एक क्रौंचांची, वर जाणारी, सगळ्यांना दिसणारी. दुसरी पांढऱ्या पेशींची, लपवलेली. कुठली मोजणी खरी, हे तिला कळत नसेल असं मला वाटत नाही. कोअरने पहिली ठेवली आणि दुसरी गाळली, आणि त्यामुळे तिच्या पुस्तकातली सादाको भोळी झाली. नोंदींमधली सादाको भोळी नाही. ती आकडे वाचते, समजते, घडी करून दडवते आणि परत क्रौंच करायला बसते.

हजार झाल्यानंतर ती लहान लहान क्रौंच करायला लागली. सुईच्या टोकाने घडी दाबावी लागेल इतके लहान. कागद कमी होता हे कारण आहेच. पण ज्याला फक्त संख्या गाठायची असते तो असं काम करत नाही. कागद अर्धा केला की कागद वाचतो, मेहनत मात्र वाढते, चूक करायला जागाच उरत नाही. हा माझा अर्थ आहे, तिने तसं कुठे सांगितलेलं नाही. पण घड्या घालून पाहिल्यावर मला असं वाटायला लागलंय की दुसऱ्या हजारापाशी तिचं लक्ष इच्छेवरून हातातल्या कामावर आलं असावं. भाचीला मी एवढंच सांगू शकले. तिला ते पटलं नाही.

आता त्या इच्छेबद्दल, कारण सगळ्यात मोठा घोळ तिथेच आहे. सादाको म्हणजे जागतिक शांतता, हे समीकरण इतकं पक्कं झालंय की बारा वर्षांची मुलगी रुग्णालयात बसून जगाच्या कल्याणासाठी घड्या घालत होती असं आपण धरूनच चालतो. तिला बरं व्हायचं होतं. मासाहिरोच्या आठवणींत आणखी एक मागणी येते. वडील न्हावी होते, दुसऱ्यासाठी जामीन राहून कर्जात बुडाले होते, आणि ते कर्ज फिटावं असं तिला वाटत होतं. बरं व्हावं आणि बाबांचं कर्ज फिटावं. शांततेच्या पोस्टरवर हे मावत नाही. पण बॉम्बच्या विरोधात याहून मोठं विधान मला सुचत नाही. कर्जाची काळजी करायला, भांडायला, मोठं व्हायला मिळावं, एवढं साधं आयुष्य तिला हवं होतं आणि बॉम्बने दहा वर्षांनी मागून येऊन तेवढंच नेमकं नेलं.

शांतता तिच्या मागण्यांत नंतर घातली गेली, आणि ती कशी घातली गेली हे पाहायचं तर मासामोतो नासूचं पुस्तक वाचावं. नासू जपानमधला लाडका बालसाहित्यिक, स्वतः हिरोशिमाचा, बॉम्ब पडला तेव्हा तीन वर्षांचा. १९८४ सालचं त्याचं पुस्तक सादाकोपाशी थांबत नाही. ते तिच्या वर्गातल्या मुलांच्या मागे जातं. मैत्रीण गेली, तिच्यासाठी काहीतरी करावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. स्मारक सगळ्या बॉम्बग्रस्त मुलांसाठी असावं ही सूचना इचिरो कावामोतो या कार्यकर्त्याची. नोव्हेंबर १९५५मध्ये देशभरातले मुख्याध्यापक परिषदेसाठी हिरोशिमात जमले होते, तिथे मुलांनी पत्रकं वाटली. त्यानंतर पैसे येत गेले, तीन हजारांहून जास्त जपानी शाळांमधून आणि नऊ परदेशांतून. ५ मे १९५८ला, जपानच्या बालदिनी, नऊ मीटर उंचीचं स्मारक उभं राहिलं. माथ्यावर डोक्यावर क्रौंच धरलेली मुलगी आहे. त्याच वर्षी चित्रपटही आला.

नासू या चळवळीला नावं ठेवत नाही. पण कोवळी मुलं एका मोठ्या गोष्टीची वाहक झाली की त्यांचं काय होतं, याकडे तो डोळेझाक करत नाही. त्याच्या पुस्तकात मुलांना शोक करायला पुरेसा वेळ मिळत नाही, कारण पत्रकं वाटायची आहेत. आपल्याकडे हे पुस्तक जवळजवळ कुणी वाचत नाही, कोअरचं वाचतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचली तर कोअरच्या शेवटच्या पानावरचे ३५६ वेगळे दिसायला लागतात. तिथे मुलं उरलेलं काम पूर्ण करतात आणि गोष्ट मिटते. नासूकडे काम तिथून सुरू होतं आणि कुणाच्याच हातून पूर्ण होत नाही.

क्रौंच पुढे चलनी नाणं झाला. २७ मे २०१६ला ओबामा हिरोशिमात आले तेव्हा स्वतः घड्या घातलेले चार क्रौंच घेऊन आले, दोन मुलांना दिले, दोन संग्रहालयात ठेवले. त्यांचा हेतू खोटा होता असं मला म्हणायचं नाही. पण जगातल्या सगळ्यात मोठ्या दोन अण्वस्त्रसाठ्यांपैकी एकाची किल्ली ज्याच्या हाती, त्यालाही सहज खर्च करता येतं ते प्रतीक फार स्वस्त झालेलं असतं. स्मारकापाशी दरवर्षी सुमारे एक कोटी क्रौंच येतात, वजन दहा टनांच्या आसपास. २००३मध्ये एका विद्यार्थ्याने त्यातल्या लाखाहून जास्त क्रौंचांना आग लावली, त्यानंतर आणखी आले. शहराला साठवायला जागा पुरेना, म्हणून आता त्यांचा लगदा करून नवीन कागद बनवतात.

हे सगळं मी कुठे बसून लिहितेय तेही सांगायला हवं. माझा जन्म १९९८चा, पोखरणच्या दुसऱ्या चाचण्यांच्या वर्षातला. माझ्या पिढीला भारताचा बॉम्ब ही बातमी म्हणून कधी मिळालीच नाही, तो आधीपासून घरात होता, देव्हाऱ्यासारखा. शाळेत ६ ऑगस्टला आम्ही वर्गावर्गांतून हजार क्रौंच करायचो. पन्नास मुलं, वाट्याला वीस-वीस, मधल्या सुट्टीनंतर निम्म्यांना माना नसायच्या. पुढे इंजिनिअरिंग कॉलेजात ११ मेला राष्ट्रीय तंत्रज्ञान दिन साजरा व्हायचा, तो पोखरणच्या स्मरणार्थ. पोस्टर स्पर्धा असायची. एका पोस्टरवर रॉकेट आणि शांततेचं कबूतर शेजारी शेजारी होतं आणि त्याला बक्षीस मिळालं. दोन्ही दिवस पाळणारी माणसं साधारण तीच. या दोन तारखा एकमेकींना कधी भेटल्या नाहीत याचं एक कारण मला आता असं वाटतं की आम्ही ऑगस्टमध्ये जी गोष्ट ऐकत होतो ती पूर्ण करता येण्याजोगी होती. वीस क्रौंच केले, खिडकीला बांधले, झालं.

निहोन हिदांक्यो ही बॉम्बमधून वाचलेल्या माणसांची संघटना १९५६ची, म्हणजे सादाको गेल्यानंतर वर्षाच्या आत सुरू झालेली. तिला २०२४चं शांततेचं नोबेल मिळालं. अडुसष्ट वर्षं ही माणसं शाळांमध्ये, सभांमध्ये, परदेशांत जाऊन तेच तेच सांगत राहिली, स्वतःच्या अंगावरचे व्रण दाखवत राहिली. जगात आजही बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रं आहेत. अण्वस्त्रबंदीचा करार २०२१पासून लागू आहे, त्यात भारत नाही आणि जपानही नाही. बक्षीस मिळालं त्याच्या दुसऱ्या दिवशीही ती म्हातारी माणसं बोलायला गेली असणार. हजारानंतरच्या घडीशी याचं नातं मला दिसतं. वर्गाच्या खिडकीत लटकणाऱ्या क्रौंचांशी दिसत नाही.

म्हणून उद्या कुणी मराठीत मुलांसाठी सादाको नव्याने लिहायला बसलं, तर माझी मागणी आकडा दुरुस्त करण्यापुरती नाही. तो लपवलेला कागद त्यात यावा. न्हाव्याचं कर्ज यावं. आणि शेवट बदलावा. कोअर सादाकोला छताला टांगलेल्या क्रौंचांकडे बघत डोळे मिटायला लावते. ते वाचताना रडू येतं, मलाही आलं. पण घरच्यांच्या आठवणीत शेवटची सकाळ अशी आहे: काहीतरी खा म्हणून सगळे मागे लागले होते. तिने चहा घातलेला भात मागितला. तिकडे आजाऱ्याला तो देतात, आपण मऊ भात देतो तसा. थोडासा खाल्ला आणि म्हणाली, छान लागतोय.